टीएनटी (टॉर्टॉइस बँडचा अल्बम)

टीएनटी हा शिकागोच्या टॉर्टॉइस बँडचा तिसरा स्टुडिओ अल्बम, १९९८ मध्ये थ्रिल जॉकी या लेबलवर आलेला. बारा ट्रॅक, तासाभराहून थोडा जास्त वेळ. पोस्ट-रॉकमध्ये, म्हणजे रॉकची वाद्यं घेऊन गाण्यापेक्षा आवाजाच्या पोतावर भर देणाऱ्या संगीतात, जॅझ कसं मुरवायचं हे विचारणाऱ्याला लोक बहुतेक वेळा आधी हाच ऐकायला देतात, आणि ते बरोबरच आहे.

याआधी १९९६च्या अल्बममध्ये 'जेड' नावाचा जवळपास एकवीस मिनिटांचा ट्रॅक होता, त्यात तुकडे जोडून एक लांबलचक गोष्ट रचायची पद्धत दिसलीच होती. टीएनटीच्या वेळी मात्र गिटारिस्ट जेफ पार्कर बँडमध्ये आला. तो शिकागोच्या जॅझमधला माणूस, १९६५ मध्ये सुरू झालेल्या एएसीएम या प्रयोगशील संगीतकारांच्या संघटनेतला. त्यामुळे इथली गिटार कॉर्ड्स आपटत नाही, सूर निवडून निवडून टाकते, मधे जागा सोडते.

पण खरी गंमत एडिटिंगमध्ये आहे. ड्रमर आणि इंजिनिअर जॉन मॅकएन्टायर यांनी कॉम्प्युटरवर हार्ड डिस्क रेकॉर्डिंग वापरलं, म्हणजे एकाने काहीतरी वाजवायचं, मग ते कापायचं, सरकवायचं, त्यावर दुसऱ्याने वाजवायचं, आणि हे बरेच महिने चाललं. जॅझमध्ये हे अगदीच नवीन नव्हतं म्हणा, जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६९च्या रेकॉर्डिंग्जमध्ये निर्माता टिओ मसेरोने टेप कापून जोडल्या होत्याच. फरक एवढाच की इथे वाजवणारेच कात्री धरून बसलेत. म्हणून यात लांबलचक सोलो शोधू नका, मिळणार नाहीत. जॅझ आहे ते ड्रमच्या सैल हातात आणि एकमेकांना वाट देण्यात.

पहिलाच ट्रॅक, 'टीएनटी', हे सगळं दाखवतो: आधी नुसते ड्रम, जणू वॉर्मअप चाललाय, मग गिटारची एक साधी ओळ, ती पुन्हा पुन्हा येते आणि भोवती एकेक वाद्य जमत जातं, शेवटाकडे ब्रासही, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यंही, येतात. 'टेन-डे इंटरव्हल'मध्ये मरिंबासारख्या वाद्यांचे छोटे नमुने एकमेकांवर चढत जातात, तिथे अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशच्या मिनिमलिझमची, म्हणजे छोटे नमुने पुन्हा पुन्हा वाजवत हळूहळू बदलण्याच्या शैलीची, छाप स्पष्ट आहे. 'आय सेट माय फेस टू द हिलसाइड' ऐकताना जुने वेस्टर्न सिनेमे आठवतात. 'जेटी'चं मूळ तर आयसोटोप २१७ या बँडच्या १९९७च्या अल्बममध्ये आहे; त्या बँडमध्ये टॉर्टॉइसचे काही लोक आणि कॉर्नेटवादक (कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखं वाद्य) रॉब मझुरेकही होता. तिथे ती चाल मोकळी जॅझसारखी आणि इथे इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर बसवलेली, दोन्ही लागोपाठ ऐकल्या तर हा बँड नक्की काय करतो ते कुठल्याही लेखापेक्षा पटकन कळतं.

हे संगीत फार थंड आहे, अशी तक्रार होऊ शकते, आणि उत्तरार्धात एकदोन ट्रॅक रेंगाळतात हे खरंच. गिटारिस्ट डेव्हिड पाजोचा टॉर्टॉइसबरोबरचा हा शेवटचा अल्बम. पुढचा 'स्टँडर्ड्स' २००१ मध्ये आला, तो बराच खरखरीत आणि मोठ्या आवाजाचा.