बोलपटाने सुलोचनांची कारकीर्द संपवली नाही

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट लागला आणि मूकपटांतल्या गाजलेल्या नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, संपल्या, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही.

अडचण मात्र खरी होती. मूकपटात संवाद पाट्यांवर यायचे, उच्चार कोण ऐकणार? बोलपटात पार्श्वगायन रुळेपर्यंत सेटवरच, माइकच्या टप्प्यात राहून बोलावे आणि गावे लागे. एखादा शब्द अडखळला की अख्खा शॉट पुन्हा. पुण्यात जन्मलेल्या, बगदादी यहुदी घरातल्या रूबींचे हिंदुस्थानी कच्चे होते. त्या थांबल्या, भाषा शिकल्या आणि आपलेच गाजलेले मूकपट बोलपट करून परत आल्या: ‘माधुरी’ (१९३२), ‘अनारकली’ (१९३५), ‘बंबई की बिल्ली’ (१९३६). या शेवटच्याच्या मूळ मूकपटात त्यांनी 8 भूमिका केल्या होत्या! पुढे नव्या नायिका आल्या, मागणी ओसरली. पण १९५३च्या ‘अनारकली’त त्या जोधाबाई होत्याच.

१९७३चा फाळके पुरस्कार यांचाच. मराठी पडद्यावरच्या सुलोचना लाटकर वेगळ्या. दोघींची गल्लत करू नये.