एमआरआयमधली ती पांढरी रेघ: सेंट्रल कॅनाल की सिरिंक्स?

कंबर दुखते म्हणून एमआरआय काढला, डिस्कचं जे निघायचं ते निघालं, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते, 'प्रॉमिनंट सेंट्रल कॅनाल / सिरिंक्स', आणि मग माणूस डिस्क सोडून तेच सर्च करत बसतो आणि ऑपरेशनचे फोटो बघून झोप घालवतो. खरं तर दोन्ही वेगळं आहे.

सेंट्रल कॅनाल म्हणजे मज्जारज्जूच्या आतली जन्मजात बारीक नळी, आत सीएसएफ, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी. मोठेपणी बहुतेकांची बुजते, काहींची थोडीफार उघडी राहते, एवढंच. टी२ वर (एमआरआयच्या ज्या फोटोंत पाणी पांढरं दिसतं) पांढरी रेघ दिसते, बऱ्याचदा छातीच्या भागात, जाडी साधारण २ ते ४ मिमी, कडा गुळगुळीत, आडव्या कापात मध्यावर गोल ठिपका. कॉर्ड, म्हणजे मज्जारज्जू, फुगलेली नसते आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) दिला तरी तिथे काही चमकत नाही. (कधीकधी तर रेघ खरी नसतेच, मशीनचा आर्टिफॅक्ट, म्हणजे फोटोतला भास असतो, म्हणून ती आडव्या कापातही दिसते का ते बघतात.)

सिरिंक्स म्हणजे मज्जारज्जूच्या आत पाणी साचून झालेली पोकळी. ती जास्त रुंद असते, कॉर्ड फुगवते, कडा वेड्यावाकड्या, कधी आत पडदे, कधी एका बाजूला सरकलेली. पण माझ्या मते नुसते मिलिमीटर मोजण्यापेक्षा ती झाली कशामुळे हे शोधणं महत्त्वाचं, कारण तिच्यामागे बऱ्याचदा काहीतरी असतं: कियारी, म्हणजे लहान मेंदूचं खालचं टोक कवटीच्या भोकातून साधारण ५ मिमीहून जास्त खाली उतरलेलं, किंवा मणक्याची जुनी इजा, मज्जारज्जूची आवरणं चिकटलेली, नाहीतर ट्यूमर. म्हणूनच शंका असली की डॉक्टर कवटी-मानेचा जोड आणि पूर्ण मणका बघतात, कॉन्ट्रास्टसकट.

लक्षणंही वेगळी. दुखणं आणि गरम-थंड कळवणारे तंतू कॅनालच्या अगदी पुढूनच बाजू बदलतात, सिरिंक्स आधी त्यांनाच दाबते, त्यामुळे हाताला चटका बसला तरी कळत नाही पण स्पर्श मात्र कळतो, पुढे पंजा बारीक आणि कमजोर होतो. बारीक कॅनालने असलं काही होत नाही, आणि तुमची कंबरदुखी तर बहुतेक तिच्यामुळे नाहीच.

तपासणी नॉर्मल, कॉर्ड फुगलेली नाही, मागे कारण सापडत नाही, तर उपचार लागत नाहीत, फार तर काही काळाने एकदा परत स्कॅन. पण संवेदना जातायत, पाय अडखळतायत किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय तर रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो, लगेच न्यूरोवाल्याकडे जा.