मुखबोध

मुखबोध : समोरची आकृती चेहरा आहे हे कळणे, तो कोणाचा आहे हे ओळखणे आणि त्यावरचा भाव व नजरेची दिशा टिपणे, या क्रियांना मिळून वापरली जाणारी संज्ञा. बेळगाव, चिकोडी, निपाणीकडच्या बोलीत ‘वळख’ हा एकच शब्द चेहऱ्याची ओळख आणि माणसाशी असलेला परिचय या दोहोंसाठी चालतो. मेंदूविज्ञानात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात, कारण मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांत पहिली जाते आणि दुसरी शाबूत राहते. असा रुग्ण मुलाचा आवाज ऐकताच त्याला ओळखतो. तोच मुलगा गप्प समोर उभा राहिला तर ओळखत नाही. त्याला नाक, डोळे, ओठ दिसत असतात. हरवलेला असतो तो त्यांचा मेळ.

या विकाराचे पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल एकवाक्यता नाही. ‘प्रोसोपॅग्नोसिया’ हे नाव जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये दिले आणि बहुतेक ग्रंथ तेथूनच सुरुवात करतात. क्वालिनो व बोरेल्ली या इटालियन वैद्यांनी १८६७ मध्ये वर्णिलेला रुग्ण मात्र याच विकाराचा दिसतो. काही अभ्यासक विगन यांच्या १८४४ मधील उल्लेखापर्यंत मागे जातात, पण तो त्रोटक आहे. नामकरण बोडामर यांचे आणि पहिले भरवशाचे वर्णन १८६७ चे, असे मानणे अधिक योग्य. मराठीत ‘मुखविस्मृती’पेक्षा ‘मुखानभिज्ञता’ हा प्रतिशब्द बरा, कारण येथे स्मृती गेलेली नसते.

चेहरा ही मेंदूच्या दृष्टीने वेगळी वस्तू असावी, याचा निरोगी माणसांतला एक ठळक पुरावा रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दिला. चित्र उलटे धरले की घरे किंवा विमाने ओळखणेही अवघड होते, पण चेहरे ओळखणे त्याहून कितीतरी अवघड होते. पुढे १९९२ मध्ये जस्टीन सर्जंट यांनी मेंदूतील रक्तप्रवाह मोजून चेहरा पाहताना कोणते भाग कामाला लागतात ते दाखवले.

अमेरिकन मेंदूविज्ञ नॅन्सी कॅनविशर यांनी जोश मॅकडरमॉट व मार्विन चुन यांच्यासह १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातील सर्वांत प्रभावी म्हणावा लागेल. चुंबकीय अनुनादाच्या (एमआरआय) यंत्रात १५ जणांना चेहरे व वस्तू दाखवल्या असता १२ जणांच्या फ्युझिफॉर्म वलनात (वलन म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरील घडी), बहुधा उजव्या बाजूस, चेहऱ्यांना ठळक प्रतिसाद देणारा भाग सापडला. फ्युझिफॉर्म म्हणजे चातीसारखे. लोकर कातणाऱ्या धनगराच्या हातातील चाती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या, मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या या वलनाचा आकार सांगावा लागत नाही.

त्यांच्या पद्धतीचे महत्त्व निष्कर्षाइतकेच आहे. सगळ्यांच्या मेंदूंची सरासरी काढली तर माणसागणिक थोडा सरकलेला छोटा भाग पुसट होतो. म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या मेंदूत हा भाग आधी शोधला आणि मग त्याच भागावर नव्या चाचण्या घेतल्या. एका चाचणीत काळ्या विणीच्या टोपीत केस झाकलेले, अर्धवट वळलेले चेहरे दाखवले आणि तुलनेला हात ठेवले. तरीही प्रतिसाद चेहऱ्यांनाच अधिक मिळाला.

येथून वाद सुरू होतो. हा भाग खास चेहऱ्यांसाठीच आहे, असे कॅनविशर यांचे म्हणणे. मानसशास्त्रज्ञ इझाबेल गोथिए यांच्या मते हा भाग चेहऱ्याचा नसून तरबेजपणाचा आहे. एकाच घडणीच्या अनेक वस्तूंतून नेमकी एक ओळखण्याचा सराव झाला की तो कामाला लागतो, आणि असा सराव सर्वांना चेहऱ्यांचाच असतो. ‘ग्रीबल’ नावाच्या कृत्रिम आकृत्यांवर (१९९९) आणि मोटारी व पक्षी यांच्या जाणकारांवर (२०००) घेतलेले त्यांचे प्रयोग याच बाजूचे आहेत.

चिकोडी, रायबाग, अथणी या तालुक्यांतील वाचकाला येथे धनगर आठवेल. शेतात बसवलेल्या कळपांची सरमिसळ झाली तरी तो आपले मेंढरू वेगळे काढतो. पण त्याच्यापाशी तोंडाखेरीज रंग, शिंगे, चाल आणि ओरडणेही असते, म्हणून एवढ्यावरून वाद सुटत नाही. मॅकनील व वॉरिंग्टन यांनी १९९३ मध्ये नोंदवलेला रुग्ण म्हणूनच मोलाचा ठरतो. मेंदूच्या आघातानंतर त्याला माणसांचे चेहरे ओळखता येईनात. त्यानंतर त्याने मेंढ्या पाळल्या आणि केवळ तोंडाच्या छायाचित्रांवरून त्या ओळखू लागला. तरबेजपणाची यंत्रणा एकच असती तर हे घडायला नको होते. याच्या उलट, माणसांचे चेहरे पुन्हा ओळखू लागलेला पण आपल्या गायी ओळखू न शकणारा शेतकरी १९८४ मध्ये नोंदवला गेला. दोन्ही रुग्ण एकत्र वाचले की कॅनविशर यांची बाजू भक्कम वाटते. मेंढ्यांचीही मुखस्मृती दांडगी असते. केंड्रिक व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की मेंढी पन्नास मेंढ्यांची तोंडे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते.

दुसरा आक्षेप जेम्स हॅक्सबी यांचा (२००१) : चेहऱ्याची माहिती एका ठिपक्यात नसून विस्तृत भागात पसरलेली असते. हे खरे असले तरी माहिती असणे आणि ती वापरली जाणे यांत अंतर आहे. अपस्माराच्या एका रुग्णाच्या या भागाला २०१२ मध्ये विद्युतप्रवाह दिला, तेव्हा समोरच्या डॉक्टरांचा चेहरा त्याला बदललेला, दुसऱ्याच कोणाचा वाटू लागला. डोरिस त्साओ, विनरिच फ्रायवाल्ड व मार्गारेट लिव्हिंगस्टन यांना २००६ मध्ये माकडाच्या अशाच एका भागात दृश्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशींपैकी ९७ टक्के चेहऱ्यांकडे झुकलेल्या आढळल्या. कॅनविशर, त्साओ व फ्रायवाल्ड यांना मेंदूविज्ञानासाठीचा २०२४ चा काव्हली पुरस्कार मिळाला.

हा भाग जन्मजात की घडलेला? जन्मापासून चेहरेच न दाखवलेल्या माकडांत तो तयार झाला नाही (२०१७). उलट जन्मांध माणसांनी त्रिमितीय चेहरे हाताने चाचपले तेव्हा त्याच जागी प्रतिसाद दिसला (२०२०). जागा नेमून देणारी जोडणी आधीची आणि तिचे कसब अनुभवाचे, असा मध्यम पक्ष सध्या संभाव्य दिसतो.

वाचन शिकल्यावर डाव्या बाजूस अक्षरांना जागा द्यावी लागते आणि चेहऱ्यांचा प्रतिसाद तेथे किंचित घटतो, असे स्तानिस्लास दहान यांच्या गटाने २०१० मध्ये मांडले. देवनागरी वाचणाऱ्या व निरक्षर उत्तर भारतीयांवरील २०१९ च्या अभ्यासात अशी हानी दिसली नाही. देवनागरी आणि कन्नड या दोन लिप्या लहानपणापासून वाचणाऱ्या सीमाभागातील मुलांच्या पालकांना हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील हरीश कट्टी व एस. पी. अरुण यांनी २०१९ मध्ये चेहरा उत्तर भारतीय की दक्षिण भारतीय, हे ओळखण्याची चाचणी घेतली. लोकांचे अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा वरचढ होते, पण चुकाही पुष्कळ झाल्या. बेळगावच्या बाजारात समोरचा मराठी की कानडी हे तोंड पाहून ठरवता येत नाही, तो बोलल्यावरच कळते.

मुखानभिज्ञतेवर खात्रीचा औषधोपचार नाही. रुग्ण आवाज, चाल, केसांची ठेवण, कपडे यांवरून माणूस ओळखतो, म्हणून घरच्यांनी जवळ येताना आधी बोलावे.