युद्धातले फोटो काढले कोणी, पुसले कोणी

दुसऱ्या महायुद्धातली दोस्त राष्ट्रांची विमानं, रणगाडे, जीपगाड्या आणि जवान यांचे फोटो आज मोबाइलवर सतत फिरत असतात, बहुतेकदा फोटोओळीशिवाय. ब्रिटिश बाजूचे यातले पुष्कळसे फोटो पगारी सैनिकांनी, हुकमानुसार काढलेले आहेत. ते कसे निघाले हे ठाऊक असेल तर फोटोत दुप्पट दिसतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांना जवळ कॅमेरा बाळगायला बंदी होती. अधिकृत छायाचित्रकार मोजकेच. १९१५ मध्ये फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी पलटणींचे फोटो हिल्टन गर्डवूडने काढले, त्यातले काही प्रसंग मुद्दाम घडवून आणलेले होते. १९३९ साली युद्ध पुन्हा पेटलं तेव्हाही ब्रिटिश लष्कराची या बाबतीतली तयारी तुटपुंजीच होती. उलट जर्मनांकडे प्रचारासाठी खास तुकड्या होत्या आणि त्यांचे कॅमेरावाले लढाईत सैन्याबरोबरच असत. ही उणीव भरून काढायला ऑक्टोबर १९४१ मध्ये 'आर्मी फिल्म अँड फोटोग्राफिक युनिट' उभं राहिलं. सैन्यातूनच माणसं निवडली, त्यांना सार्जंटचा हुद्दा दिला आणि लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत त्यांचं प्रशिक्षण सुरू झालं.

कामाची रीत ठरलेली होती. सहसा दोघांची जोडी निघे, एकाकडे साधा कॅमेरा, दुसऱ्याकडे चलच्चित्राचा. अनेकांच्या हाती झाइसचा सुपर इकोंटा असायचा, म्हणजे शत्रूच्याच देशात बनलेला कॅमेरा. रोल संपला की त्याच्यासोबत एक कागद भरून द्यायचा: तारीख, ठिकाण, पलटण, फोटोतल्यांची नावं आणि काय चाललं होतं ते. रोल न धुताच मागे रवाना होई. आपण काय टिपलं हे छायाचित्रकाराला बरेचदा दिसतही नसे. आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये हे फोटो त्या त्या आघाडीच्या अक्षरांनी लावलेले सापडतात: उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले 'ई', ट्युनिशिया ते इटलीपर्यंतचे 'एनए', फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यापासून पुढचे 'बी', आग्नेय आशियातले 'एसई'. फोटोखाली हा क्रमांक दिसला की अर्धा शोध तिथेच संपतो.

क्रमांक 'बी ५११४' घ्या. ६ जून १९४४, दोस्तांची फौज नॉर्मंडीत उतरली तो दिवस, 'स्वोर्ड' असं सांकेतिक नाव दिलेला किनारा, सार्जंट जिम मॅपहॅमने काढलेला फोटो. समोर वाळूत दबकून बसलेले इंजिनिअर दलाचे जवान, त्यांच्या हेल्मेटवर पांढरा पट्टा. एकाची मान कॅमेऱ्याकडे वळलेली. मागे शुश्रूषा पथकातली माणसं जखमींना सावरत किनाऱ्यावर आणताहेत. इथे कोणी कोणाला 'असा उभा राहा' म्हणालेलं नाही. याउलट इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईचा म्हणून गाजलेला, धुरातून संगीन रोखून धावणाऱ्या सैनिकांचा सार्जंट चेटविनचा फोटो प्रत्यक्ष लढाईचा नव्हे, तो ऑस्ट्रेलियन सैनिकांना घेऊन जुळवून आणलेला होता. म्हणून तो निकामी ठरत नाही, पण त्याच्याकडे पाहताना हे माहीत असायला हवं.

मग यायची सेन्सॉरची पाळी. गाडीच्या मडगार्डवरची डिव्हिजनची खूण, खांद्यावरचा बिल्ला, विमानावरचा रडारचा अँटेना: शत्रूला उपयोगी पडेल ते सारं प्रिंटवर खोडलं किंवा रंगाने झाकलं जाई. नेमक्या याच खुणांवरून आज फोटोची ओळख पटते, म्हणून वर्तमानपत्रातल्या कात्रणापेक्षा मूळ निगेटिव्हवरून काढलेली प्रत पाहणं केव्हाही चांगलं.

विमानांवरच्या काही खुणा मात्र झाकून भागण्यासारखं नव्हतं, कारण त्या आपल्याच लोकांना दिसाव्यात म्हणून रंगवल्या होत्या. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकन वाहतूक विमानांवर दोस्तांच्याच तोफा सुरू झाल्या आणि २३ विमानं परतली नाहीत. हा धडा लक्षात ठेवून नॉर्मंडीच्या स्वारीआधी पंखांवर आणि धडावर पाच पट्टे आले, तीन पांढरे, दोन काळे. एका इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद, दोन इंजिनांच्या विमानावर २४ इंच. हे पट्टे दिसले की फोटो जून १९४४ किंवा त्यानंतरचा. अमेरिकन ताऱ्याच्या मधोमध लाल ठिपका असेल तर फोटो साधारण मे १९४२ च्या आधीचा, कारण जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून तो काढला गेला. त्याच कारणाने ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश आणि हिंदी विमानांच्या वर्तुळातला लाल रंगही गेला.

आपल्यासाठी सर्वात मोलाचा गठ्ठा इटलीचा. आठव्या आणि दहाव्या हिंदी डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगावकडचे यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधव यांनी पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान मिळाला, म्हणून त्यांची नावं आणि गावं नोंदली गेली. बाकीच्यांचं तसं झालं नाही. ब्रिटिश सैनिकाच्या फोटोखाली अनेकदा नाव आणि राहतं शहर येई, कारण फोटो त्याच्या गावच्या वर्तमानपत्रात छापायचा असे. हिंदी जवानाखाली पुष्कळदा नुसतं पलटणीचं नाव. कोकणातल्या, देशावरच्या कितीतरी घरांत आजोबा इटलीला गेल्याचं अजून सांगतात. त्या घरांनी 'एनए' मालिकेतले मराठा पलटणीचे फोटो एकदा शांतपणे चाळावेत आणि चेहरा ओळखला तर संग्रहालयाला कळवावं, फोटोचा क्रमांक लिहून.