पार्श्वभूमी : चिमट्यातले वीस मिलिमीटर

रविवारी पहाटे उपवन तलावापासून येऊर चढायला निघणाऱ्या सायकलींमध्ये हल्ली दोन-चार तरी मोटरवाल्या असतात. त्यांच्या मालकांचा एक प्रश्न सायकलवाल्याकडे वरचेवर ऐकू येतो. "काका, पुढचा शॉकअप एकशेतीसचा आहे, दीडशेचा करून मिळेल का?"

ठाण्यातल्या एका जुन्या सायकलवाल्याने याचं उत्तर माझ्यासमोर दिलं. "मिळेल रे. पण आधी आहे तो वापरतोयस का ते बघू." पुढचं चाक धरणाऱ्या दुकाट्याला आम्ही चिमटा म्हणतो, पुढचा शॉकअप त्यातच असतो. तो जास्तीत जास्त जितके मिलिमीटर दबू शकतो ती त्याची ट्रॅव्हल; एकशेतीस आणि दीडशे हे तेच आकडे. चिमट्याच्या चकचकीत नळीवर रबराची एक बारीक काळी रिंग असते. शॉकअप दबला की ती वर सरकते आणि जिथवर दबला तिथेच थांबते. पोरगा येऊरहून नुकताच उतरून आला होता, आणि रिंग नळीच्या मध्याच्या जरा वर थांबलेली. त्यावरचा भाग कोराच होता, धुळीची एक पट्टीसुद्धा तशीच. म्हणजे १३० मिलिमीटरपैकी जेमतेम ८० वापरलेले, आणि मागणी आणखी वीसची.

या मागणीमागे बराच जुना इतिहास आहे, आणि तो मोटरच्याही फार आधी सुरू होतो.

सायकलला स्प्रिंग लावायची कल्पना फार जुनी. १८८५ मध्ये लंडनच्या लिनली अँड बिग्ज कंपनीने 'व्हिपेट' नावाची सायकल काढली, तिची चौकटच स्प्रिंगवर टांगलेली होती. तेव्हा चाकांना भरीव रबर असायचं आणि खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. पण १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि स्प्रिंगची गरजच मागे पडली. धक्का टायरमधली हवा खाऊ लागली. मोटरसायकली मात्र पुढे गेल्या. तेल भरलेला दुर्बिणीसारखा सरकणारा चिमटा बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आणला. आपल्याकडच्या काळ्या सायकलींना सीटखालच्या दोन स्प्रिंगांपलीकडे काहीच नव्हतं. दूधवाल्यांनी आणि पेपरवाल्यांनी सगळं ठाणं त्यावरच पालथं घातलं.

पुढचा अध्याय कॅलिफोर्नियातला. १९७६ पासून मरिन काउंटीतल्या एका कच्च्या उतारावर काही मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन शर्यती लावत. साधारण दोन मैलांत १३०० फूट खाली. मागच्या चाकाच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस इतकं तापे की धूर होऊन उडून जाई, आणि दर फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. यातूनच माउंटन बाइक जन्माला आली. पण शॉकअप तिला अजूनही नव्हता. हात आणि गुडघे हाच शॉकअप.

मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१ हा चिमटा बाजारात आणला. आत हवा आणि तेल, ट्रॅव्हल दोन इंचांच्या आतबाहेर. आज हा आकडा ऐकून हसू येतं, पण पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा ग्रेग हर्बोल्डने उताराची शर्यत रॉकशॉक्सच्याच चिमट्यावर जिंकली. मग आकडे पळायला लागले. १९९७ मध्ये मार्झोकीचा बॉम्बर १०० मिलिमीटर घेऊन आला. उतारावरच्या सायकली पुढे २०० पर्यंत पोचल्या.

आपल्याकडे या लाटेचा फेस तेवढा आला. 'रेंजर' सायकलींच्या पाठोपाठ 'डबल शॉकअप' आल्या. माझ्याकडेही एक होती. दिसायला झकास, पण कळवा पुलाचा चढ लागला की प्रत्येक पायडलला सायकल बेडकासारखी खालीवर व्हायची आणि निम्मी ताकद स्प्रिंगच खायची. आत नुसती स्प्रिंग होती, तिला आवरणारं तेल नव्हतं. ट्रॅव्हल ही नुसती जागा असते. त्या जागेत चाक किती वेगाने आत जाईल आणि किती वेगाने परत येईल, हे तेल ठरवतं. तळाशी असलेली रिबाउंडची, म्हणजे परत येण्याच्या वेगाची, कळ त्यासाठीच असते. लोक मात्र मिलिमीटर विचारतात, कारण ते स्टिकरवर छापलेले असतात.

मागच्या चाकाचा हिशेब जरा वेगळा. तिथे शॉकअपची दांडी जितकी आत जाते त्याच्या अडीच-तीन पट चाक हलतं. दांडी ५० मिलिमीटर आणि पट २.८ असेल तर चाकाला १४० मिळतात. दांडी ५५ केली की १५४. ही पट मागच्या चौकटीतल्या सांध्यांच्या मांडणीवर ठरते, आणि त्या मांडणीवरून पेटंटांची मोठी भांडणं झाली. हॉर्स्ट लाइटनर यांच्या सांध्याचं पेटंट स्पेशलाइज्ड या सायकल कंपनीने १९९८ मध्ये विकत घेतलं, त्यानंतर काही वर्षं बऱ्याच जणांना वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या. २०१६ मध्ये रॉकशॉक्सने मागच्या शॉकअपची मापं मिलिमीटरमध्ये नव्याने बांधली. तेव्हापासून एकाच लांबीचा शॉकअप आतल्या एका छोट्या स्पेसरवर, म्हणजे दांडीची वाट अडवणाऱ्या तुकड्यावर, ५० चा किंवा ५५ चा होतो. स्पेसर काढला की ट्रॅव्हल वाढली, इतकं हे सोपं वाटतं. पण मग शॉकअप पूर्ण दबल्यावर मागचा टायर सीटच्या नळीला घासतो का, हे हवा सोडून, चाक हाताने वर दाबून बघावंच लागतं. ते न बघता स्पेसर काढणारे मी पाहिले आहेत.

या सगळ्या इतिहासातलं मला सगळ्यात आवडणारं प्रकरण म्हणजे चालता चालता ट्रॅव्हल बदलणारा चिमटा. २००० नंतरच्या दशकात रॉकशॉक्सचा यू-टर्न आला, फॉक्स या दुसऱ्या कंपनीचा टॅलस आला. वरची कळ फिरवली की पुढची बाजू खाली बसायची. कारण साधं होतं. लांब चिमटा उताराला सुख देतो, पण चढाला पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. मग चढताना आखूड करा, माथ्यावर पोचलात की लांब करा. ही युक्ती टिकली नाही. हवेच्या स्प्रिंगमध्ये ही यंत्रणा कोंबली की चिमटा तितका मऊ चालेना, आणि पुढे चौकटींचाच आकार बदलला. सीटची नळी उभी झाली, स्वार पुढे सरकला, चढाला पुढच्या चाकावर आपोआप वजन आलं. कळ गेली. ट्रॅव्हल आता चिमट्याच्या पोटातल्या एअर शाफ्टच्या, म्हणजे हवेच्या स्प्रिंगच्या दांडीच्या, लांबीवर ठरते आणि बदलायची तर चिमटा उघडावा लागतो.

मग मोटर आली. बॉशची मोटर बसवलेली हायबाइकची डोंगरी सायकल २०१० मध्ये दिसली, २०१५ मध्ये स्पेशलाइज्डची टर्बो लेव्हो आली, आणि २०१९ मध्ये कॅनडात मोटरवाल्या माउंटन बाइकची पहिली जागतिक स्पर्धा झाली. लांब ट्रॅव्हलची जी किंमत चढाला मोजावी लागायची, ती आता बॅटरी मोजू लागली, त्यामुळे १५०-१६० ही रोजची गोष्ट झाली. पण सायकल बावीस-पंचवीस किलोची झाली. जुने ३५-३६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचे चिमटे या वजनाखाली वाकल्यासारखे वाटू लागले. २०२० मध्ये फॉक्स आणि रॉकशॉक्स दोघांनीही ३८ मिलिमीटर जाड नळ्यांचे चिमटे काढले, त्यात या वजनाचाही हात होता.

आपल्याकडे २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेल्या सायकलीला नोंदणी लागत नाही, त्यामुळे याच हिशेबातल्या बऱ्याच सायकली रस्त्यावर आहेत. त्यातल्या स्वस्तातल्यांना पुढे साधी लोखंडी स्प्रिंग आणि मागे काहीच नाही. त्यांची ट्रॅव्हल वाढवता येत नाही, अख्खा चिमटाच बदलावा लागतो. ज्यांचा चिमटा हवेचा आहे, त्यांच्यासाठी वीस मिलिमीटरचा हिशेब असा. पुढची बाजू वीसने वर जाते, हँडलचा कोन साधारण एक अंशाने कलतो, पायडलचा आस सहा-सात मिलिमीटर उचलला जातो. सीटची नळीही तेवढीच मागे कलते, म्हणजे चौकटवाल्यांनी जे उभं केलं होतं ते आपण पुन्हा आडवं करतो. शिवाय चौकटीला किती लांब चिमटा चालेल याची मर्यादा कंपनीने ठरवलेली असते. ती ओलांडली आणि उद्या हेडट्यूबपाशी, म्हणजे चिमटा बसतो त्या चौकटीच्या नळीपाशी, तडा गेला, तर वॉरंटीचं नाव काढायचं नाही.

सायकलवाल्या काकांनी त्या पोराला सायकलवर उभं केलं आणि नुसत्या वजनाने शॉकअप किती बसतो ते मोजलं. १३० च्या चिमट्याला पंचवीसच्या आसपास बसायला हवा होता, हा दहाच बसला. कुणीतरी ठासून हवा भरून दिली होती. शॉक पंप लावून थोडी सोडली, रिबाउंड दोन खटके मोकळा केला आणि त्याला पुन्हा वर पाठवलं. येऊरचा रस्ता डांबरी आहे. तो सोडून जंगलात शिरायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे धक्के म्हणजे गतिरोधक आणि पावसाने उखडलेल्या कडा. तासाभराने तो परतला तेव्हा रिंग शंभराच्या वर गेली होती.

खारघरच्या डोंगरावर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा एक मित्र मात्र ऐकला नाही. त्याने एअर शाफ्ट बदलून चिमटा १४० चा १६० केला. उतारावर खूश आहे. चढाला मोटर जोर लावते तेव्हा पुढचं चाक जमीन सोडतं, म्हणून सीट रुळावर होती तितकी पुढे सरकवून झाली आहे. परवा त्याचा फोन आला. "अरे, पूर्वी म्हणे चिमट्यावर एक कळ असायची, चढाला खाली घ्यायची. तसला जुना कुठे मिळेल का बघ ना."