कोरे रजिस्टर आणि सुरक्षिततेचा समज

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक कारखान्यांत ‘निअर मिस’चे रजिस्टर असते. अपघात होता होता टळला, तर त्याची नोंद त्यात करायची असते. महिनाभर हे रजिस्टर कोरे राहिले म्हणजे काम सुरक्षित चालले आहे, असा समज सर्रास आढळतो आणि तो मला अतिशय धोकादायक वाटतो.

रजिस्टर कोरे राहते ते बहुधा धोका दिसूनही कोणी सांगत नाही म्हणून. कामगार गप्प बसतात ते साहेबाच्या धाकामुळे, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोग केला. प्रश्नावली भरत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या खोलीत भिंतीतील झरोक्यातून धूर सोडण्यात आला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर येऊन ते सांगितले. परंतु शेजारी मुद्दाम निर्विकार बसवलेले दोघे असताना दहापैकी एकानेच सांगितले. तेथे ना साहेब होता, ना नोकरी जाण्याची भीती. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरून धोक्याचा अंदाज घेत होता. एरवी, असे कोणी मुद्दाम बसवलेले नसतानाही, सगळेच साशंक असतील तर प्रत्येकाचा शांत चेहरा दुसऱ्याला ‘काही विशेष नाही’ असे सांगतो आणि कोणाचीच शंका उघड होत नाही. रबाळ्यातील एखाद्या पाळीत पंपाच्या सीलमधून गळणारा थेंब चौघांना दिसतो आणि चौघेही पुढे जातात, तेव्हा हेच घडत असते. अशा यंत्राला लिंबू-मिरची बांधल्याने गळती थांबत नाही. उलट, काहीतरी केल्याचे खोटे समाधान तेवढे मिळते.

अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांना १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयांतील चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका जास्त आढळल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा की, तेथे चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या.

त्यामुळे पाळी बदलताना सर्वांसमोर ‘सगळे ठीक ना?’ असे विचारून फारसे काही हाती लागणार नाही. ‘आज कशाची शंका आली?’ असे प्रत्येकाला विचारावे, सर्वांत नव्या कामगाराला आधी बोलू द्यावे आणि त्याच्या नोंदीवर काय केले, ते रजिस्टरात पुढच्याच रकान्यात तारखेसह लिहावे.