कुजबुज

आजीला कमी ऐकू येऊ लागलं ते आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नाही, तिच्याही नाही. आई आणि काकू स्वयंपाकघरात बोलू लागल्या, की ती बाहेरून म्हणायची, "माझंच चाललंय ना? चालू द्या!" तिच्या लेखी बदललो होतो आम्ही, हळू बोलायला लागलो होतो. आणि घरातली माणसं हळू कधी बोलतात?

मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नेमका याच वाटेनं जातो. स्टॅनफर्डच्या काही विद्यार्थ्यांना संमोहित करून 'तुम्हाला कमी ऐकू येईल' अशी सूचना दिली. काहींना ती सूचना आठवत होती, काहींना ती विसरायला लावली होती. मग शेजारी दोघं जण गप्पा मारत हसू लागले. ऐकू न येण्याचं कारण ज्यांना ठाऊक नव्हतं, तेच अधिक संशयी आणि चिडके झाले. सगळे मिळून अवघे १८ विद्यार्थी, तेव्हा यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण आजी आठवतेच.

मेंदू जग जसंच्या तसं टिपत नाही. अपुऱ्या खुणांवरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाजच आपल्याला 'दिसतो'. अंधारातल्या दोरीचा साप होतो, फुलांचा गजरा सहसा होत नाही. दहादा उगाच दचकलो तर फार काही बिघडत नाही. एकदा खऱ्या सापावर पाय पडला तर संपलंच.

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांनी २०० सर्वसामान्य लोकांना आभासी भुयारी रेल्वेत बसवलं. सहप्रवासी संगणकानं रचलेले, कुणाच्याही अध्यात ना मध्यात. तरी सुमारे ४० टक्के लोकांच्या मनात त्यांच्याविषयी काही ना काही संशय आलाच. डबा एकच, चेहरे तेच. कुणाला ते भले वाटले, कुणाला टपून बसलेले. मानसिक आजारातला पक्का भ्रम मात्र याहून कितीतरी चिवट असतो. पुरावा समोर ठेवला तरी तो हलत नाही.

आजीचा संशय हलला. कानाचं मशीन आलं त्या संध्याकाळी तिनं आतलं बोलणं पहिल्यांदा स्वच्छ ऐकलं, "त्यांना भाकरी चावत नाही हो, भातच टाकू या का?"

"बघा," आजी म्हणाली, "माझंच चाललं होतं."